पोलीस केस वेगळी, क्लेम वेगळा: मोटरसायकल अपघातानंतर वकील नेमका कशासाठी?

हाडांच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना विचारा, "वकील पाहिलात का?" बरेचदा उत्तर मिळतं, "कशाला? पोलिसांनी केस केलीय ना." काही घरांत उलट गोष्ट घडते. पोलीस ठाण्यात अडकलेली मोटरसायकल सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमीपत्र देऊन, सोडवण्यासाठी कुणीतरी ओळखीचा वकील गाठलेला असतो. "आपला वकील आहे" म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नुकसानभरपाईचा अर्ज दाखलच झालेला नाही हे कितीतरी दिवसांनी लक्षात येतं. दोन्हीकडे चूक एकच आहे: दोन वेगळ्या प्रकरणांना एक समजणं.

रस्त्यावर अपघात एक झाला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यातून दोन प्रकरणं निघतात. पहिलं फौजदारी. पोलीस गुन्हा नोंदवतात, तपास करतात, दोषारोपपत्र ठेवतात आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालकावर खटला चालतो. दुसरं प्रकरण नुकसानभरपाईचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागतो. बोलण्यात पहिल्याला 'पोलीस केस' म्हणतात, दुसऱ्याला 'क्लेम'. पुष्कळदा दोन्ही एकाच आवारातल्या इमारतींत चालतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

पोलीस केस ही राज्य सरकार विरुद्ध चालक अशी असते. १ जुलै २०२४ पासून तिथे भारतीय न्याय संहिता लागू आहे: बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी १२५, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या खटल्यात जखमी माणूस फिर्यादी असतो किंवा साक्षीदार. बाजू सरकारी वकील मांडतात आणि त्यांची फी तुम्हाला द्यायची नसते. न्यायालयाच्या परवानगीने तुमचा खासगी वकील त्यांना मदत करू शकतो, पण खटल्याची दोरी सरकारी वकिलांच्याच हातात राहते. चालकाला दंड झाला तरी तो मुळात सरकारजमा व्हायचा. त्यातून पीडिताला काही देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, पण मोडलेल्या पायामुळे पुढची वीस वर्षं किती कमाई बुडेल, हा हिशोब तिथे कुणी मांडत नाही.

तो हिशोब क्लेममध्ये होतो. इथे अर्जदार तुम्ही स्वतः, आणि समोर जाब देणार म्हणून वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी. थर्ड पार्टी विमा, म्हणजे वाहनाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा असल्यामुळे पैसे बहुधा विमा कंपनीच्या खिशातून निघतात. म्हणून तिचा वकील प्रत्येक तारखेला तयारीनिशी उभा असतो. तुमच्यासाठी मात्र सरकारकडून आपोआप कुणी उभं राहत नाही. स्वतःचा वकील शोधायची खरी गरज इथे आहे.

पुराव्याची पट्टीही दोन्हीकडे वेगळी आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. क्लेममध्ये "असंच घडलं असण्याची शक्यता जास्त" इतकं दाखवलं तरी चालतं. त्यामुळे चालक निर्दोष सुटला म्हणजे क्लेम बुडाला असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. तरी "तो सुटला, आता काय मिळणार" म्हणून लोक अर्ज सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. पोलीस केसचा निकाल लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

मग पोलीस केसकडे दुर्लक्ष करायचं का? मुळीच नाही. क्लेमचा पाया तिथल्याच कागदांवर उभा राहतो: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जबाब, वैद्यकीय दाखला, दोषारोपपत्र. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती घरी आणून शांतपणे वाचा. समोरच्या वाहनाचा नंबर, दिशा, वेळ, मागे कोण बसलं होतं, सगळं तपासा. आमच्या घरातल्याच एका अपघातात टेम्पोच्या नंबरातला एक आकडा चुकला होता. पुरवणी जबाब देऊन तो दुरुस्त करून घेतला, पण तोवर कित्येक आठवडे गेले होते. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे मोटरसायकलस्वार बेशुद्ध किंवा मृत असताना समोरच्याने दिलेल्या हकिकतीवरून स्वारावरच गुन्हा दाखल होणं. असं झालं असेल तर क्लेमचा वकील पहिल्याच आठवड्यात हवा. आणि ठाण्यात कुणी "आपसात मिटलं, आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागितली तर ती देऊ नका. तुमच्या हातातून गेलेला तो कागद विमा कंपनीच्या फाईलमध्ये जाऊन बसतो.

मुदतीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत क्लेम दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नका. मुदत उलटून गेली असली तरी स्वतःच निकाल लावून घरी बसू नका, वकिलाला विचारा. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे अपघाताचा सविस्तर अहवाल पाठवावा आणि न्यायाधिकरणाने तोच अर्ज मानावा, अशीही तरतूद कायद्यात आहे. म्हणून तपास अधिकाऱ्याला तो अहवाल पाठवला का, हे जरूर विचारावं. पण पोलिसांच्या अहवालात तुमचं दुकान, तुमचं कर्ज, तुमचं पुढचं ऑपरेशन येत नाही. ते तुम्हालाच मांडावं लागतं.

अर्ज कुठे करायचा? अपघात झाला तिथे, किंवा तुम्ही राहता अथवा कामधंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. दुसऱ्या जिल्ह्याच्या हायवेवर अपघात झाला तरी आपल्याच जिल्ह्यात दावा करता येतो आणि वकीलही जवळचाच पाहता येतो. पायात रॉड असलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे.

रकमेचं गणित थोडं समजून घेतलं तर वकील निवडणंही सोपं जातं. समजा, ३२ वर्षांचा एक फरशी बसवणारा कारागीर आहे, कमाई महिना २०,००० रुपये. गुडघा कायमचा दुखावला. वर्षाचं उत्पन्न २,४०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवले की ३,३६,०००. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलं तर वर्षाचं नुकसान १,००,८००. वर्षाचं नुकसान ज्या आकड्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला असतो, त्याला गुणक म्हणतात. या वयाला गुणक १६, म्हणजे १६,१२,८०० रुपये. दवाखान्याचा खर्च, वेदना, सांभाळायला ठेवलेला माणूस, घरी बसून बुडालेले महिने हे सगळं यावर वेगळं. गुणकाचं कोष्टक सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालातून आलं आणि वाढीची टक्केवारी २०१७ मध्ये घटनापीठाने ठरवली.

या गणितातला ३० टक्के हा आकडाच खरा वादाचा. डॉक्टरांच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व लिहिलेलं असतं, आणि न्यायालयाला बघायचं असतं की त्यामुळे या माणसाचं काम किती थांबलं. टेबलावर बसून काम करणाऱ्याला न वाकणारा गुडघा त्रास देईल. फरशी बसवणाऱ्याचा तर धंदाच बंद होईल. हा फरक न्यायाधीशांना दिसावा म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं, कामाचं स्वरूप पुराव्यात आणावं लागतं. आयकराचं विवरणपत्र नसेल तर बँकेचं पासबुक, गिऱ्हाइकांच्या पावत्या, ठेकेदाराची साक्ष असं काहीतरी उभं करावं लागतं. जामीन मिळवून देण्यात हातखंडा असलेला वकील हे करेलच असं नाही. म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारा: न्यायाधिकरणापुढे किती दावे चालवलेत? डॉक्टरांची साक्ष काढणार का? उलटतपासणी स्वतः घेणार की दुसरं कुणी उभं राहणार? माझं उत्पन्न कशाने सिद्ध कराल? चांगला वकील या प्रश्नांनी रागावत नाही. तो तुमच्याकडेच आणखी कागद मागतो, आणि रकमेची हमी देत नाही.

मोटरसायकलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट विचारून घ्या. हेल्मेट नव्हतं, तिघं बसले होते, लायसन्स घरी राहिलं होतं, हे मुद्दे कंपनीचा वकील काढणारच. थोडी चूक तुमचीही ठरली तर रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. पण तिघं बसले होते एवढ्यावरून चूक ठरत नाही. त्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. असे मुद्दे वकिलापासून लपवू नका. त्याला ते उलटतपासणीत पहिल्यांदा कळले तर सावरायला वेळ उरत नाही.

फीबद्दल स्पष्ट बोलतो. "आत्ता एक पैसा नको, क्लेम आला की अमुक टक्के" हा व्यवहार सर्रास चालतो, पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. अशिलं मिळवण्यासाठी जाहिरात करणं किंवा माणसं पाठवणंही त्याला मना आहे. तेव्हा दवाखान्यात खाटेशी येऊन "सगळं आम्ही बघतो" म्हणणारा एजंट दिसला की त्याला बाहेरची वाट दाखवा. त्याच्या हातात मूळ कागद देऊ नका, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर वेगळी योजना आहे: मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये. वाहन माहीत असेल तर चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली अनुक्रमे ५ लाख आणि अडीच लाख मागता येतात. मात्र विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. वरच्या उदाहरणातल्या कारागिराने घाईने अडीच लाखांवर सही केली, तर सोळा लाखांचा रस्ता तिथेच बंद होईल.

लोकअदालतीतही असंच भान ठेवावं लागतं. तिथे क्लेम लवकर मिटतो, आणि हातात पैसे हवे असलेल्या घराला तो मोठा आधार असतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, वादातली रक्कम एक लाखाच्या खाली नसेल तर. म्हणून तडजोडीचा आकडा समोर आला की वकिलाला वर मांडला तसा हिशोब कागदावर मांडून दाखवायला सांगा, आणि सही त्यानंतर करा.