पसरणीचा उतार आणि ट्रॅकवरचे ब्रेक

पाचगणीहून वाईकडे उतरताना पसरणी घाटात कधी कधी पुढच्या गाडीतून जळका वास येतो. चालकाने पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून काढलेला असतो, बहुतेक वेळा पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून. आपल्याकडे घाटात गाडी शिकलेल्या माणसाला जुनी शिकवण असते: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. या शिकवणीमागचं गणित समजलं, की कारच्या ट्रॅक डेचे नियम इतके कडक का असतात तेही समजतं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅकवर आपली रोजचीच गाडी घेऊन जायचं, ठरलेल्या वेळात, म्हणजे एका सत्रात, फेऱ्या मारायच्या आणि वेगात गाडी कशी वागते ते शिकायचं. साताऱ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पकडून बंगळुरूच्याही पुढे गेलात, तर चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक लागतो. कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा आहे. साताऱ्या-सांगलीच्या पोरांना यासाठी लांब जावं लागतं हे खरं. तरी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर यवतेश्वरच्या घाटात गाडी पळवून बघण्यापेक्षा तो प्रवास हजारपट बरा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि घाटात समोरून दूधवाला येत असतो.

आता गणित. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत पाचशे मीटरहून थोडा जास्त फरक आहे. १२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली आली की सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. उतार काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि खालच्या गिअरमध्ये असलं तर इंजिनही त्यातला मोठा वाटा उचलतं.

तीच गाडी ट्रॅकवर सरळ पट्ट्यात ताशी १६० किलोमीटरला पोचली आणि वळणासाठी ६० वर आणली, तर सुमारे १० लाख ज्यूल जिरवावे लागतात. जोरात ब्रेक मारला तर हे चारेक सेकंदांत होतं. थोडा भार हवा घेते, थोडा इंजिन. बाकीचा सगळा ब्रेकवर. असे सहा ब्रेक म्हणजे एक पसरणी घाट! एका फेरीत दोन मोठे ब्रेक धरले, तरी तिसऱ्या फेरीत घाट पुरा होतो, आणि सत्र तर अजून निम्मंही झालेलं नसतं.

ही उष्णता मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्यांमध्ये जाते. प्रत्येक डिस्क सहा किलोची धरली आणि सत्तर टक्के भार पुढे धरला, तर ढोबळ हिशेबाने एका ब्रेकला तापमान सव्वाशे अंशांनी चढतं. सरळ पट्ट्यावर वारा लागून ते थोडं उतरतं, पण पूर्ण उतरायच्या आत पुढचं वळण येतं.

इथून पुढे दोन तऱ्हांनी ब्रेक दगा देतात, आणि पेडल त्यातला फरक सांगतं. डिस्कला घासून चाक थांबवणारं पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापलं तर घर्षण घटतं: पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी तऱ्हा जास्त भयंकर. ब्रेक ऑइलच उकळतं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ होऊन तळाला जातं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे तेल हवेतलं बाष्प शोषतं, आणि ओलावलेल्या तेलासाठी मानकातली किमान मर्यादा फक्त १५५ अंश आहे. डॉट ३ असेल तर १४०. महाबळेश्वर-कासच्या पावसात दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीचं तेल न बदलता ट्रॅकवर नेऊ नये, असं मी हात जोडून सांगेन. शहरात ते कधीच उकळणार नाही, त्यामुळे दोष कळतच नाही.

म्हणून सत्रं पंधरा-वीस मिनिटांची असतात. म्हणून शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता मारायची, म्हणजे डिस्कला वारा मिळतो. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहिलं तर त्याचा थर तिथे बसतो आणि पुढे ब्रेक थरथरतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

टायरचा हिशेबही असाच कडक आहे. टायरची पकड एकच असते आणि ती ब्रेक आणि वळण या दोघांत वाटली जाते. पण वाटणी साध्या वजाबाकीची नसते. एकूण पकड १० धरली आणि ब्रेकने ८ वापरली, तर वळायला २ नव्हे, ६ उरते. कारण दोन्ही बलं काटकोनात असतात. ब्रेकने पूर्ण १० घेतली, की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. नवख्याला ‘सरळ पट्ट्यातच ब्रेक संपव, मग वळ’ हे पुन्हा पुन्हा सांगतात ते यासाठी. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर येणारं एस आकाराचं वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथेही वेग वळणाआधीच उतरवलेला असावा लागतो. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यात आणि पुढच्याने हाताने खूण केल्यावरच करायचा, हाही नियम इथूनच येतो. वळणात दोघांचीही पकड संपत आलेली असते. चुकवायला काही शिल्लक नसतं.

बाकीचे नियम पटकन सांगतो. पाण्याची बाटली, पायपुसणी, मोबाईल सगळं बाहेर काढा. गाडी थांबते तेव्हा बाटली थांबत नाही आणि ती ब्रेकच्या पेडलखाली जाऊ शकते. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती हवेत, कारण कृत्रिम धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो. लाल झेंडा दिसला की आरशात बघून वेग उतरवायचा. विम्याचे कागद आधी वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या कार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते.

पेडल मऊ लागलं तर पटापट पंप करा, गिअर उतरवा आणि सरळ पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात या. अर्ध्या तासाने ते पुन्हा घट्ट लागेल, कारण वाफ थंड होऊन विरते. तेलातलं पाणी मात्र तिथेच असतं. ते तेल बदलून, पॅडची जाडी बघून मगच साताऱ्याच्या रस्त्याला लागा.