शाळेला गुरुजींचं नाव : नामकरण, नामांतर की नामविस्तार?

गावच्या शाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या गुरुजींचं नाव त्याच शाळेला द्यावं, असे ठराव ग्रामसभांपुढे येतात. आधी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, मेळाव्यात जमलेली वर्गणी, त्या वर्गणीतून कमान, आणि कमान उभी राहिली की तिच्यावर काय लिहायचं हा प्रश्न. गुरुजींबद्दल सहसा कुणाचं दुमत नसतं. घोडं अडतं ते ठराव लिहिताना. नामकरण लिहायचं, नामांतर की नामविस्तार?

बाहेरच्या माणसाला हा शब्दच्छल वाटेल. ज्या शाळेला नावच नव्हतं तिचं नामकरण होतं, जुनं नाव काढून नवं लावलं तर नामांतर, जुनं ठेवून त्याला नवं जोडलं तर नामविस्तार. शब्दकोश इथे संपतो. पण महाराष्ट्रात यातला तिसरा शब्द कोशातून आलेला नाही. तो मराठवाड्यातून आला.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्याच्या पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. ठराव कागदावरच राहिला. मोर्चे, लाँग मार्च, तुरुंगवास यांत सोळा वर्षं गेली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी जे झालं ते नामांतर नव्हतं. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं जोडनाव आलं आणि त्याला नामविस्तार म्हटलं गेलं. ‘मराठवाडा’ हा शब्द राहावा म्हणणाऱ्यांचंही राहिलं, बाबासाहेबांचं नावही लागलं. ही तडजोड होती, आणि ज्यांनी त्यासाठी जीव गमावले त्यांच्या बाजूने पाहिलं तर अर्धीमुर्धीच होती. आजही १४ जानेवारीला कुणी नामांतर दिन म्हणतं, कुणी नामविस्तार दिन. कोण कोणता शब्द वापरतो यावरून बरंच काही कळतं.

तेव्हापासून सरकारी कागदाला तोच साचा सापडला. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. नंतर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आधी कवयित्री बहिणाबाई चौधरी आल्या, सोलापूर विद्यापीठाच्या आधी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. तिन्ही ठिकाणी जुनं नाव शेपटासारखं मागे राहिलं. उलट शहरांच्या बाबतीत, म्हणजे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव होताना, जुनं नाव पुसायचंच होतं म्हणून तिथे नामांतर हाच शब्द चालला. गावच्या ठरावात एखादा जाणता माणूस ‘नामांतर लिहू नका, विस्तार लिहा’ असं म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यामागे हा सगळा इतिहास असतो, त्याच्या ध्यानात असो वा नसो.

आता शाळांकडे. इंग्रजी अमदानीच्या आधीची पंतोजींची शाळा ही पंतोजींचीच असायची. तो ज्या ओसरीवर किंवा देवळात बसेल तिथे शाळा, तो गेला की शाळा गेली. वेगळं नाव लागावं एवढं तिचं स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. संस्था म्हणून शाळा उभ्या राहू लागल्यावर पाट्या आल्या आणि पाट्यांवर साहेब आले. मुंबईच्या एल्फिन्स्टनला गव्हर्नराचं नाव, पुण्याच्या फर्ग्युसनला गव्हर्नराचं. अपवाद विल्सनचा. १८३२ मध्ये अंब्रोली इंग्लिश स्कूल म्हणून सुरू झालेल्या संस्थेला पुढे जॉन विल्सन या मिशनरीचं नाव लागलं आणि तो स्वतः शिकवणारा माणूस होता. पुण्यात १८६० मध्ये निघालेल्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांपैकी वामन प्रभाकर भावे यांचं नाव भावे स्कूलच्या रूपाने टिकलं. अशी उदाहरणं थोडी. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये काढलेली मुलींची शाळा आपण कशी ओळखतो? भिडे वाड्यातली शाळा म्हणून. वाडा ज्यांनी वापरायला दिला त्या भिड्यांचं नाव जागेमुळे लोकांच्या तोंडी राहिलं, शिकवणाऱ्या बाईंचं नाव विद्यापीठाला लागायला १६६ वर्षं जावी लागली.

साहेबानंतर पाटीवर देणगीदार आला. १९१६ चं न्यू पूना कॉलेज जमखंडीच्या संस्थानिकांच्या देणगीनंतर सर परशुरामभाऊ कॉलेज झालं, पुढे एमईएस कॉलेज आबासाहेब गरवारे झालं. यात काही गैर आहे असं नाही, इमारती पैशानेच उभ्या राहतात. पण अमळनेरचं उदाहरण मला नेहमी खटकतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या हायस्कुलात शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी ‘विद्यार्थी’ मासिक चालवत होते. महाराष्ट्रात ‘गुरुजी’ म्हटलं की जो चेहरा डोळ्यांपुढे येतो तो या सहा वर्षांत घडला. ती शाळा प्रताप हायस्कूल म्हणूनच ओळखली जाते, गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या नावाने. साने गुरुजींचं नाव लागलेल्या शाळा महाराष्ट्रात चिकार आहेत, पण त्यांनी जिथे खडू हातात धरला तिथे नाव देणगीदाराचं. (प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिरही उभारलं, माणूस दिलदार होता, हे इथे नोंदवायला हवं.)

स्वातंत्र्य चळवळीने पुढाऱ्यांची नावं आणली. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला, आणि दुसऱ्याच वर्षी पार्ल्यात टिळक विद्यालय निघालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारच्या हायस्कुलाला महाराजा सयाजीरावांचं आणि कॉलेजला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं. कॉलेजचं हे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्या धनिकाला त्यांनी परत पाठवल्याची गोष्ट त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या माणसांकडून आजही ऐकायला मिळते. दादरच्या किंग जॉर्ज शाळेचं राजा शिवाजी विद्यालय झालं, तरी जुन्या दादरकरांच्या बोलण्यात ती किंग जॉर्जच राहिली. पाटी बदलते तेवढ्या झटक्यात जीभ बदलत नाही.

या सगळ्या गर्दीत खेड्यातली सरकारी शाळा बिननावाचीच होती. लोकल बोर्डाची शाळा, नंतर जिल्हा स्कूल बोर्डाची आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ‘जि. प. प्राथमिक शाळा’, पुढे स्वल्पविराम आणि गावाचं नाव. शहरात तर नुसता क्रमांक. काही गावांत ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशी पाटी दिसते आणि पुष्कळांना ते कुणा जीवनरावांचं नाव वाटतं. ते १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या बुनियादी शिक्षणाच्या विचाराचं अवशेष आहे, माणसाचं नाव नव्हे. आणि वस्त्यांवरच्या शाळा पाहा: शिंदेवस्ती, जाधववस्ती. म्हणजे आडनावं तिथे आधीच पाटीवर होती, ती फक्त शिक्षकाची नव्हती. आडनावाचा मुद्दा नाजूक असतो तो यामुळेच. गुरुजींचं आडनाव लावलं की गावात कोण कुणाचा याचा हिशेब सुरू होतो, म्हणून ठरावांत आडनाव गाळून नुसतं ‘अण्णा गुरुजी’ किंवा ‘नाना मास्तर’ लिहिण्याची युक्ती करतात. हयात माणसाचं नाव देऊ नये हा संकेतही पाळला जातो, त्यामुळे खुद्द गुरुजींना कमान बघायला मिळत नाही.

ज्यांच्यासाठी हे ठराव होतात ते बहुतेक एका ठरावीक पिढीचे शिक्षक आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत नोकरीला लागलेले, एकाच गावात पंधरा-वीस वर्षं काढलेले, बाप, लेक आणि नातू अशा तिघांच्या हजेऱ्या घेतलेले. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या, अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी विभागणी झाली. दुर्गम गावात अडकून पडलेल्यांना त्यातून न्याय मिळाला हे खरं. पण एका गावाचा होऊन राहिलेला मास्तर आता घडणं कठीण.

कागदोपत्री सोय विस्ताराचीच आहे. शाळेची मान्यता, जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले जुन्या नावाचे. यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीचा, अकरा अंकी क्रमांक शाळेला चिकटलेला, त्याला गुरुजी माहीत नाहीत. जुनं नाव पूर्ण काढलं तर चाळीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यावरची शाळा हीच, हे दर वेळी सिद्ध करत बसावं लागेल. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्या ठरावाला वजन आहे. पण शाळा समितीच्या मालकीची नाही, अंतिम कागद जिल्हा परिषदेतून हलतो, आणि २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते. निवडून आलेलं सभागृह नसताना गावाने आपलं म्हणणं कुणाच्या गळी उतरवायचं?

याच काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, राज्य सरकारने दत्तक शाळा योजना आणली. ग्रामीण भागातल्या शाळेसाठी पाच वर्षांकरता ५० लाख किंवा दहा वर्षांकरता १ कोटी रुपये मूल्याच्या वस्तू-सेवा देणाऱ्याला, त्याची इच्छा असेल तर, आपण सुचवलेलं नाव तेवढ्या मुदतीसाठी शाळेच्या नावाला जोडता येतं. जुनं नाव हटत नाही, नवं जोडलं जातं: इथेही विस्तारच. समर्थकांचं म्हणणं, छप्पर गळतंय तिथे नावाचा बाऊ कशाला. विरोधकांचं म्हणणं, सरकारने आपली जबाबदारी पाटीच्या भाड्यावर दिली. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, आणि त्याचं कारण साधं आहे. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या नावासाठी गावाने ठराव करायचा, तो तालुक्याला पाठवायचा, तिथून जिल्ह्याला. ५० लाखांच्या नावाला मात्र नियमात आधीच जागा करून ठेवलेली.

मुदत संपल्यावर त्या जोडनावाची पाटी उतरते. गुरुजींच्या ठरावात मुदतीचा रकाना नसतो.