सीटीला न दिसणारी इजा

दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा सीटी स्कॅन होतो, 'नॉर्मल आहे' असं कळतं आणि नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. तरीही तो माणूस शुद्धीवर येत नाही. किंवा येतो, पण पहिल्यासारखा राहत नाही: बोलता बोलता धागा सुटतो, साधा हिशेब जमत नाही, चिडचिड वाढते. रक्ताची गाठ नाही, कवटीला तडा नाही, मग बिघडलंय काय? याचं उत्तर सीटी मशीन जन्माला येण्याआधीच, १९५६ मध्ये, ऑक्सफर्डला सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं होतं. अडचण एवढीच, की ते मृत्यूनंतरच सापडत होतं.

सबिना स्ट्रिच या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी त्या वर्षी पाच मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. पाचही जण डोक्याला मार बसल्यावर काही महिने जगले, पण भान हरपलेल्या अवस्थेत. कवटी शाबूत, आत मोठा रक्तस्राव नाही. पांढरा भाग, म्हणजे मेंदूच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचे जुडगे, मात्र दूरवर झिजून गेलेला. १९६१ मध्ये आणखी मेंदू तपासून त्यांनी ठामपणे मांडलं, की हे तंतू अपघाताच्या क्षणीच ताणले जाऊन तुटतात.

त्यांच्या म्हणण्याला आधार होता तो ऑक्सफर्डच्याच होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाचा. त्याने १९४३ मध्ये जिलेटिनचा मेंदू तयार केला, त्याला फिरता झटका दिला आणि ध्रुवीकृत प्रकाशात त्यातला ताण बघितला. मेंदू दाबला जात नाही, पण त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. म्हणून नुसत्या ठोक्यापेक्षा डोकं गर्रकन वळणं जास्त घातक, असा त्याचा निष्कर्ष. युद्धाच्या धामधुमीत एका भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिन हलवून हे सांगावं, याचं मला अजून नवल वाटतं.

तरी सगळ्यांना ते पटलं नाही. तंतूंची झीज हा मागाहूनचा परिणाम आहे, मूळ कारण सूज किंवा प्राणवायूची कमतरता, असं म्हणणारे बरेच होते. वाद निकालात निघाला १९८२ मध्ये. ग्लासगोच्या ह्यूम अ‍ॅडम्स यांनी ४५ रुग्णांच्या मेंदूंचं विश्लेषण मांडलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेनारेली आणि थिबॉ यांनी माकडांच्या डोक्यावर कसलाही आघात न करता फक्त वेगाने झटका देऊन दीर्घ बेशुद्धी आणि तसेच तुटलेले तंतू दाखवले. डोकं बाजूला झटकलं तर इजा सर्वांत वाईट. 'डिफ्यूज अ‍ॅक्सोनल इंज्युरी' (म्हणजे तंतूंना जागोजागी झालेली इजा) हे नाव तेव्हापासून रुळलं. पेनसिल्व्हेनियाच्या या प्रयोगशाळेचा शेवट मात्र कटू झाला. १९८४ मध्ये प्राणिमुक्तीवाल्यांनी तिथे घुसून चित्रफिती पळवल्या, त्यातली हेळसांड लोकांनी पाहिली आणि पुढच्या वर्षी सरकारी निधी थांबला.

दरम्यान १९८३ मध्ये व्हर्जिनियाच्या पोव्हलिशॉक यांनी स्ट्रिचबाईंच्या मांडणीत दुरुस्ती केली. बहुतेक तंतू त्या क्षणी तुटत नाहीत. आतली वाहतूक अडते, ते फुगतात आणि काही तासांनी तुटतात.

सीटी १९७१ पासून आहे आणि अपघातात आजही तोच आधी काढतात. तो झटपट होतो आणि ऑपरेशन लागेल अशी गाठ हमखास दाखवतो. पण तंतू तुटल्याने क्ष-किरण शोषले जाण्यात फारसा फरक पडत नाही. एमआरआयचं तसं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जेंट्री यांनी डोक्याला मार लागलेल्यांचे एमआरआय तपासले. त्यात राखाडी आणि पांढऱ्या भागाची सीमा, कॉर्पस कॅलोझम (मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा) आणि मेंदूचा दांडा, या अ‍ॅडम्सनी शवविच्छेदनात नोंदवलेल्याच जागा उजळून दिसल्या. पुढे २००४ च्या सुमारास हाकी यांचं एसडब्ल्यूआय हे एमआरआयचंच एक तंत्र आलं आणि तंतूंशेजारच्या केशवाहिन्या फुटून उरलेलं लोह काळ्या ठिपक्यांसारखं दिसू लागलं. पण ठिपका हा शेजारच्या रक्तवाहिनीचा. खुद्द तंतूचं काय?

त्यासाठी पाण्याची हालचाल मोजावी लागली. निरांजनातलं तेल जसं वातीच्या धाग्यांना धरून चढतं, तसे पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने जास्त सरकतात, आडवे कमी. १९९४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत बासर, मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी हे गणितात बसवलं. एमआरआयच्या या प्रकारालाच डीटीआय (डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग) म्हणतात. पाणी किती एकमार्गी सरकतंय ते ० ते १ या आकड्यात येतं. तंतू बिघडले की तो घसरतो.

२००२ मध्ये अर्फनाकिस आणि सहकाऱ्यांनी सौम्य इजेच्या पाच रुग्णांना २४ तासांच्या आत तपासलं आणि हा फरक सापडला. मग २०११ चा गाजलेला अभ्यास. त्यात स्फोटात सापडलेले ६३ अमेरिकी सैनिक होते. इराक-अफगाणिस्तानातून त्यांना जर्मनीतल्या लांडस्टूलला आणलं होतं. सीटीत काहीच नव्हतं, पण १८ जणांत डीटीआयने दोन किंवा अधिक जागी बिघाड दाखवला. उरलेल्यांत तसं दिसलं नाही, म्हणून त्यांना इजा नाही असं म्हणता येत नव्हतं, आणि लेखकांनीही निदान लक्षणांवरूनच करायला सांगितलं.

गोम इथेच आहे. डीटीआयच्या चित्रातला सर्वांत लहान ठोकळा, ज्याचा एकच आकडा मिळतो, तो साधारण २ मिलिमीटरचा. तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. म्हणजे एका आकड्यात लाखो तंतूंची सरासरी. शिवाय पहिल्या काही दिवसांत कुणाला हा आकडा घसरलेला दिसला, कुणाला वाढलेला. तो मशीनगणिक आणि वयागणिकही बदलतो. पन्नास रुग्ण आणि पन्नास निरोगी माणसं यांत फरक दाखवणं जमतं. समोरच्या एका माणसाला 'तुझा हा तंतू तुटलाय' असं सांगणं जमत नाही. तंतूंची ती रंगीबेरंगी चित्रं अमेरिकेत नुकसानभरपाईच्या खटल्यांत न्यायाधीशांपुढे ठेवली जातात, त्याचा मला त्रास होतो तो यामुळेच. मार लागलेल्याच्या एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय आता सर्रास काढतात. डीटीआयचा आकडा मात्र रेडिऑलॉजिस्ट सहसा रिपोर्टात लिहीत नाहीत.