सुधा चंद्रनला पोलिओ नव्हता हो!

बेळगावात काय न् निपाणी-खानापुरात काय, सिरीयलचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, ती 'कहीं किसी रोज'मधली रमोला सिकंद करणारी सुधा चंद्रन, तिला लहानपणी पोलिओ झालेला आणि 'नाचे मयूरी' पिक्चरमध्ये नाचली ती डुप्लिकेट. दोन्ही खोटं.

ती आधीपासून भरतनाट्यम करायची, दोन्ही पाय धडधाकट. 1981 ला तामिळनाडूत त्रिचीजवळ बसचा अपघात झाला, जखम तशी जीवघेणी नव्हती पण पुढं गँगरीन झालं, म्हणजे पाय सडायला लागला, म्हणून पाय कापावा लागला, तेव्हा पोरगी सोळाचीपण नव्हती. मग जयपूर फूट म्हणजे नकली पाय बसवला. हा रबराचा असतो, घोट्यात वाकतो, बूट न घालता चालता येतं, मांडी घालून बसतापण येतं, आपल्याकडच्या माणसाला ह्येच तर लागतंय. तरी नाच परत शिकताना हाल झालेच, पण 1984 ला ती स्टेजवर आली.

तिच्याच आयुष्यावरच्या तेलुगू 'मयूरी'त ती स्वतः नाचली, नॅशनल अवॉर्डमध्ये स्पेशल ज्युरी मिळालं, 'नाचे मयूरी' त्याचाच हिंदी अवतार. डुप्लिकेटला कोण अवॉर्ड देतंय सांगा बघू?

आणि 2021 ला तिनं व्हिडिओ टाकून सांगितलं की एअरपोर्टवर चेकिंगला दरवेळी पाय काढायला लावतात, एअरपोर्टची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफनं माफीपण मागितली.