विधी साक्षरता (आदिवासी व वंचित समाजातील)

कायद्याने दिलेले हक्क, ते पदरात पाडून घेण्याची रीत आणि त्यासाठी ज्या कचेऱ्यांची पायरी चढावी लागते त्यांची माहिती, या हक्कांवाचून ज्यांचे सर्वांत जास्त अडते अशा लोकांपर्यंत पोहोचवण्याचे संघटित काम. शिबिरे, गावातले अभ्यासगट, विधी स्वयंसेवक, विधी महाविद्यालयांची मदत केंद्रे, पत्रके, पथनाट्ये ही या कामाची रूढ साधने. मोफत वकील देणे म्हणजे विधी साहाय्य. विधी साक्षरता त्याच्या आधीची पायरी होय, कारण वकील मागता येतो हेच ठाऊक नसेल तर तो मागणार कोण? या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील, त्यातही अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या) क्षेत्रातील कामाचा विचार केला आहे.

या कामाचा उगम कोठे मानावा यावर एकमत नाही. कायद्याच्या अभ्यासकांचा प्रघात असा की, १९२४ मध्ये (काहींच्या मते १९२५ मध्ये) मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे लीगल एड सोसायटीपासून सुरुवात करावी, तेथून न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या समितीकडे यावे; पुढे विधी आयोगाचा १९५८ चा चौदावा अहवाल, गुजरातेतील न्या. पी. एन. भगवती समिती (हे एन. एच. भगवतींचे पुत्र), न्या. कृष्ण अय्यर समितीचा १९७३ चा अहवाल आणि या दोघांचा १९७७ चा संयुक्त अहवाल अशी मालिका लावावी. दस्तऐवज सलग मिळतात, त्यामुळे ही मांडणी सोयीची आहे. मात्र या मालिकेतील आरंभीच्या दुव्यांचा भर गरीब पक्षकाराला वकील व कोर्ट फी पुरवण्यावर होता. ज्याचे प्रकरण कोर्टात पोहोचलेच नाही अशा माणसाचा विचार ठळकपणे येतो तो १९७० नंतरच्या अहवालांत.

दुसरे मत उगम आणखी मागे नेते. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीत छापून गावोगाव वाटल्या आणि आपले प्रतिनिधी खेड्यांत पाठवले. लोकमान्य टिळकांचा गट तेव्हा सभेत प्रबळ होता. पीक बुडाले तर सारा तहकूब करून मागता येतो, कर्ज काढून सारा भरण्याची सक्ती नाही, हे सरकारच्याच नियमांच्या आधारे शेतकऱ्यांना सांगितले गेले. सरकारला ते इतके झोंबले की ठाणे-कुलाबा भागात काही प्रतिनिधींवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. छापील नियम लोकभाषेत आणणे, तो सभेत वाचून दाखवणे आणि त्याच्या बळावर अर्ज करायला लावणे ही आजच्या विधी साक्षरतेची सारी अंगे या मोहिमेत दिसतात. आक्षेप आहे तो श्रोत्यांबद्दल. सारा माफ व्हायचा तो खातेदाराचा. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्या कातकरी-वारल्यांचा किंवा गावकुसाबाहेरच्या मजुराचा या नियमांशी संबंध आला तो फार तर दुष्काळी कामावरच्या मजुरीपुरता.

तिसरे मत महाडकडे बोट दाखवते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो मान्य केला. तरी चवदार तळ्याचे पाणी कोणी भरू शकत नव्हते. १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा कागदावरचा हक्क हजारो लोकांसमोर मांडला आणि तो सगळ्यांनी मिळून बजावला. त्यानंतरचा दिवाणी दावा उच्च न्यायालयात १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. हक्क समजणे आणि हक्क वापरणे या दोन गोष्टी येथे एकाच दिवशी घडल्या. महाडकडे सामाजिक लढा म्हणून पाहणाऱ्यांना हे वर्गीकरण अपुरे वाटते, आणि त्यात तथ्य आहे; पण वंचितांच्या विधी साक्षरतेचे पहिले पूर्ण उदाहरण म्हणून महाडचे मत इतर दोहोंपेक्षा अधिक पटणारे आहे. उगमाचा प्रश्न केवळ सनावळीचा नाही. उगम विधी साहाय्यात मानला तर हे काम न्यायालयाच्या दारातून खाली येते. महाडमध्ये मानला तर ते संघटनेच्या पोटात वाढते. पुढच्या साऱ्या कामावर या दोन धारांची छाप आहे.

पहिल्या धारेला घटनात्मक आधार मिळाला तो बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घातलेल्या, समान न्याय व मोफत विधी साहाय्याविषयीच्या अनुच्छेद ३९-क मुळे. न्यायालयांनी तो पुढे नेला. शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र शासन (१९८३) हे प्रकरण मुंबईतील पोलीस कोठड्यांमधील स्त्रियांचे. अटक झालेल्या व्यक्तीच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे आणि त्या व्यक्तीला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. नुसते भिंतीवर लावणे पुरेसे नाही, वाचून दाखवले पाहिजे, ही सूचना फार मोलाची आहे. मात्र भाषा तीनच. माडिया, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या बाईची सोय त्यात झाली नाही. सुक दास विरुद्ध अरुणाचल प्रदेश (१९८६) या प्रकरणात आरोपींनी वकील मागितलाच नव्हता, ही शासनाची सबब न्यायालयाने फेटाळली. ज्याला हक्कच माहीत नाही तो तो मागेल कसा, असा प्रश्न करून विधी साक्षरता हा विधी साहाय्य चळवळीचा प्रमुख भाग असल्याचे न्या. पी. एन. भगवती यांनी नमूद केले आणि शिक्षा रद्द केली.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला, पण अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. हा दिवस आता विधी सेवा दिन म्हणून पाळतात. दुर्बल घटकांना कल्याणकारी कायदे आणि शासकीय योजनांतील हक्कांची माहिती देणे हे त्यातील कलम ४ ने राष्ट्रीय प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग, कोठडीतील व्यक्ती, वेठबिगारीचे बळी आदींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. कलम ४ मधील एका तरतुदीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ग्रामीण भागात, झोपडपट्ट्यांत व कामगार वस्त्यांत भरवायच्या शिबिरांना तिने दोन हेतू दिले: हक्कांचे शिक्षण, आणि लोकअदालतीतून तंटे मिटवण्यास उत्तेजन. मिटलेले तंटे मोजता येतात, समजलेला हक्क मोजता येत नाही. त्यामुळे तालुक्याच्या अहवालात पहिल्या हेतूच्या रकान्यात उपस्थितांची संख्या तेवढी उरते. शिबिर म्हणजे पंचायतीच्या सभागृहात सतरंजी, दीपप्रज्वलन, न्यायाधीश व वकील संघाच्या पदाधिकाऱ्यांची भाषणे, पोक्सोपासून मोटार अपघातापर्यंत एका दुपारी सात-आठ कायदे, आणि आभार प्रदर्शन. लोक ऐकतात; पण ज्या कागदामुळे त्यांची झोप उडालेली असते तो कागद बाहेर निघत नाही. २००९ पासूनची विधी स्वयंसेवक योजना, २०११ चे विधी सेवा केंद्रांचे विनियम आणि आदिवासींच्या हक्कांसाठीची २०१५ ची योजना यांनी ही त्रुटी भरून काढण्याचा प्रयत्न केला. स्वयंसेवक वस्तीतलाच असला, त्याला दोन्ही भाषा येत असल्या आणि तो आठवडी बाजारात भेटत असला, तर उपयोग होतो.

दुसरी धारा डोंगरपट्ट्यात वाढली. धुळे जिल्ह्यातील शहादे भागात (आता नंदुरबार जिल्हा) अंबरसिंग सुरतवंती यांच्याभोवती उभी राहिलेली श्रमिक संघटना, पालघर भागातील भूमिसेना, डहाणूची कष्टकरी संघटना, वसई भागातील श्रमजीवी संघटना यांच्या शिबिरांत कायदा शिकवला जाई तो हातातल्या प्रश्नासाठी. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे सावकाराकडे राबणाऱ्या ठाण्याकडच्या लग्नगड्याला, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ते कर्जच रद्द झाले आहे, एवढे एक वाक्य पुरेसे होते; अर्थात ते मालकाच्या अंगणात उभे राहून म्हणायला पाठीशी संघटना लागे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देणारा १९७४ चा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरवला. परंतु तो वापरायचा तर सातबारा आणि फेरफार वाचता येणे भाग होते. या भागातील अनेक कार्यकर्ते तलाठ्याच्या दप्तरापाशीच कायदा शिकले.

विधी साक्षरतेचा खरा कस लागला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने, कारण त्यात पुरावा गोळा करण्याचे आणि दावा तपासण्याचे पहिले काम ग्रामसभेकडे आले. ग्रामसभेने निवडलेली दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग दावा उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जातो. वैयक्तिक दावा, सामूहिक हक्काचा दावा आणि सामूहिक वनसंसाधनाचा दावा यांचे नमुने वेगळे आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो; आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. पुराव्यांची यादी देणारा नियम १३ हा या साऱ्या शिक्षणाचा गाभा. गॅझेटिअर, निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद), जनगणना ही सरकारी कागदपत्रे त्यात आहेतच. पण बांध, विहीर, सपाट केलेली जमीन, दफनभूमी, देवस्थान आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथनही आहे. रायगडकडील दळी जमिनींचे (डोंगरउतारावर कसायला दिलेल्या वनजमिनी) आणि ठाणे-पालघरकडील एकसाली (एकेका वर्षाच्या कराराने दिलेल्या) प्लॉटांचे जुने कागद अशा वेळी कामी येतात. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्यांचे तर मोलच बदलले. ज्या पावतीची घरात धास्ती होती, जी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचलेली असे, तीच त्या सालचा ताबा सिद्ध करणारा सरकारी पुरावा ठरते. कोणत्याही भाषणापेक्षा ही एक गोष्ट वस्तीवर लवकर समजते आणि दुसऱ्या दिवशी शेजारीही आपल्या पावत्या शोधू लागतात.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव या संदर्भात नेहमी पुढे येते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते गाजले. पण त्यामागचे अभ्यासगटाचे काम अधिक महत्त्वाचे आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावात नियमित अभ्यास होई, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत मेंढा व मर्दा यांची गणना होते. तरीही बांबू विकता येईना. बांबू हे झाड आहे, गौण वनोपज (इमारती लाकडाखेरीजचे वनउत्पन्न) नव्हे, ही वनखात्याची जुनी भूमिका होती, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक खात्याच्या हाती होते. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबूचे नाव गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेले आहे, हे गावाने अभ्यासाने जाणले होते आणि ते शेवटपर्यंत लावून धरले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव, अमरावतीतील पायविहीर आदी गावांनीही सामूहिक हक्काच्या बळावर जंगलाचा कारभार हाती घेतला.

दावे फेटाळले गेल्यावर काय करायचे, या शिक्षणाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. फेटाळल्याचा निर्णय कारणांसह दावेदाराला कळवावा लागतो आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येते. कळवलेच नाही तर मुदत कधी सुरू झाली हेही समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशाने फेटाळलेल्या दावेदारांना जंगलातून काढण्याची टांगती तलवार आली. त्याच महिन्यात न्यायालयाने स्वतःच त्या आदेशाला स्थगिती दिली. महाराष्ट्रात २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय स्तरावर अपिलाची वाट मोकळी झाली. तेव्हापासून गावपातळीवरच्या प्रशिक्षणांत अपिलाचा मसुदा लिहिण्याला जागा मिळू लागली आहे.

भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला या कामातला फार थोडा भाग आला. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी कलम १२ च्या यादीत विमुक्त जाती व भटक्या जमाती हा स्वतंत्र वर्ग नाही. कंजारभाट पुरुषाला कोठडीत गेल्यावर मोफत वकील मिळतो. कोठडीबाहेर उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो, आणि ज्याला राहत्या जागेचा पुरावा नाही त्याला तो दाखला मिळणे कठीण. हा अन्याय कायद्यात एका उपकलमाची भर घालून दूर होण्याजोगा आहे.

गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप यांचा समावेश अनुसूचित जमातींत २००३ मध्ये झाला. तेथे वनहक्कांच्या जोडीने १९७५ च्या मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायद्याखाली राहत्या घराची नोंदणी हा विधी साक्षरतेचा मुख्य विषय असून, पोर्तुगीज भाषेतील जुने जमीन-दस्तऐवज वाचून देणाऱ्यांची गरज कायम आहे.