१८६८ मधील वैज्ञानिक शोध

१८६८ (शके १७९०) हे वर्ष विज्ञानाच्या इतिहासात मुख्यतः १८ ऑगस्टच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ओळखले जाते. याच ग्रहणाच्या निमित्ताने सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट (उजेड रंगारंगांत पसरवला की दिसणारा पट्टा) प्रथमच नीट पाहिला गेला आणि दोन महिन्यांनी पृथ्वीवर कोणालाही ठाऊक नसलेली एक पिवळी रेषा त्यात वेगळी ओळखता आली; ती पुढे हीलियम या मूलद्रव्याची ठरली. याच वर्षी फ्रान्समध्ये क्रो-मॅग्नन मानवाचे सांगाडे सापडले, बर्लिनमध्ये एक नैसर्गिक रंग प्रयोगशाळेत तयार झाला, अमेरिकेत टंकलेखन यंत्राचे पेटंट निघाले आणि लंडनच्या रस्त्यावर पहिला वाहतूक दिवा लागला.

‘हीलियमचा शोध : १८ ऑगस्ट १८६८’ असे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सर्रास आढळते. त्यातली तारीख ग्रहणाची आहे, हीलियमची नव्हे. त्या दिवशी जे हाती लागले ते मूलद्रव्य नव्हते, सूर्याकडे पाहण्याची एक रीत होती. मूलद्रव्य सिद्ध व्हायला पुढे जवळजवळ २७ वर्षे लागली.

ग्रहण आणि वेध

या ग्रहणात खग्रास स्थिती जास्तीत जास्त ६ मिनिटे ४७ सेकंद टिकली. एवढा मोठा काळ क्वचितच मिळतो. चंद्राच्या सावलीचा पट्टा एडनकडून अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्यावर आला, दख्खन पार करून कृष्णेच्या मुखाकडे गेला आणि पुढे बंगालचा उपसागर, सयाम (आजचे थायलंड), बोर्निओ असा सरकला. गुस्टाव्ह किरखोफ आणि रॉबर्ट बन्सन यांनी वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत १८५९–६० मध्ये बसवली होती. तिच्यानंतर आलेली ही पहिली मोठी संधी, म्हणून युरोपातल्या वेधकर्त्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली.

अडचण पावसाची होती. तो दिवस श्रावण अमावास्येचा, म्हणजे पिठोरीचा. घाटमाथ्यावर आणि कोकणात त्या दिवसांत आभाळ कसे असते हे सांगायला नको. म्हणून बहुतेकांनी पूर्वेकडचा मुलूख पसंत केला. फ्रेंच खगोलज्ञ पिएर झ्यूल जान्सेन आणि मेजर जेम्स टेनंट यांच्या हाताखालची इंग्रज तुकडी असे दोघेही गुंटूरला उतरले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणमला गेले, तर त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखातल्या वनपर्तीला. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात ठाण मांडले. त्यांना ढगांनी बराच त्रास दिला, तरी एका फटीतून ज्वालांच्या रेषा दिसल्याच.

सर्वांनी पाहिलेली मुख्य गोष्ट एकच होती. ज्वालांच्या वर्णपटात इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा नव्हता, सुट्या चकचकीत रेषा होत्या. याचा अर्थ त्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या आणि त्यात हायड्रोजन भरपूर होता. पिवळ्या भागातही एक रेषा होती. बहुतेकांनी ती सोडियमची ‘डी’ रेषा असावी असे धरले. पॉगसन यांनी ती डी रेषेच्या जागी ‘किंवा तिच्याजवळ’ असल्याचे नोंदवले, पण त्यांच्या अहवालाची युरोपात फारशी दखल घेतली गेली नाही.

सयामचा राजा मोंगकुट स्वतः ज्योतिर्गणिती होता. त्याने हे ग्रहण आपल्या गणिताने वर्तवले आणि पाहुण्यांना बोलावून जंगलातल्या समुद्रकाठी छावणी टाकली. गणित बरोबर आले. छावणीत मात्र त्याला हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला.

ग्रहणाशिवाय सूर्य

ग्रहण चालू असतानाच जान्सेन यांच्या लक्षात आले की या रेषा इतक्या तेजस्वी आहेत, तर त्या पाहायला ग्रहणाची गरजच काय? दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला सकाळी, त्यांनी वर्णपटदर्शकाची फट सूर्यबिंबाच्या कडेला लावली आणि भर उन्हात ज्वालांच्या रेषा पाहिल्या.

यामागची युक्ती साधी आहे. एरवी ज्वाला दिसत नाहीत, कारण सूर्याभोवतीचे आकाशच उजळलेले असते. कणकेचा गोळा जितका मोठा लाटावा तितकी पोळी पातळ होते; आकाशाच्या उजेडात सगळेच रंग असल्यामुळे लोलकांनी तो जितका पसरावा तितका फिका पडतो. ज्वालेचा उजेड मात्र मोजक्या रेषांत साठलेला असतो. तो लाटला जात नाही, रेषा फक्त एकमेकींपासून दूर सरकतात. लोलक वाढवत गेले की मागचा उजेड विरतो आणि रेषा उठून दिसतात. मग फट कडेवरून थोडी थोडी सरकवायची आणि प्रत्येक ठिकाणी रेषेची लांबी टिपत जायचे, की अख्ख्या ज्वालेचा आकार कागदावर उतरतो. जान्सेन यांनी १७ दिवस हेच केले. तोवर खगोलज्ञांना या ज्वाला पाहायला आयुष्यात काही मिनिटे मिळत, त्याही जगाच्या कुठल्या तरी टोकाला जाऊन.

लंडनमध्ये हीच कल्पना दोन वर्षांपूर्वीच एकाला सुचली होती. नॉर्मन लॉकियर हे युद्धखात्यातले कारकून, फावल्या वेळात खगोलाभ्यास करणारे. रॉयल सोसायटीच्या अनुदानातून त्यांनी ताकदीचा वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता, पण तो हातात यायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्यांनी घरच्या दुर्बिणीतून ग्रहणाशिवायच ज्वालांचा वर्णपट पाहिला. उपकरण वेळेत मिळाले असते तर गुंटूरचे नाव या गोष्टीत आले नसते, असे म्हणायला जागा आहे.

जान्सेन यांनी आपले पत्र १९ सप्टेंबरला काकीनाड्याहून लिहिले. ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचले तेव्हा लॉकियर यांचे निवेदनही तिथे येऊन थडकले होते, आणि २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत दोन्ही वाचली गेली. श्रेयावरून भांडणे ही विज्ञानातली नेहमीची गोष्ट, इथे मात्र ती झाली नाही. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने पदक पाडले, त्यावर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी आहेत. जान्सेन यांच्या जिद्दीबद्दल एवढेच सांगणे पुरे : लहानपणीच्या अपघाताने ते लंगडत चालत, तरीही १८७० च्या डिसेंबरात प्रशियाच्या सैन्याने वेढलेल्या पॅरिसमधून फुग्यात बसून ते निसटले आणि ग्रहण पाहायला अल्जीरियातल्या ओरानला गेले. तिथे ढग आले.

पिवळी रेषा

लॉकियर यांचे उपकरण अधिक बारीक होते. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ज्वालेतली पिवळी रेषा त्या दोहोंवरही बसत नव्हती, ती ५८७.६ च्या आसपास, किंचित हिरव्याकडे झुकलेली होती. तिला ‘डी-३’ असे नाव पडले. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या मदतीने लॉकियर यांनी हायड्रोजनवर वेगवेगळे दाब आणि तापमान देऊन ती रेषा मिळते का हे तपासले. मिळाली नाही. मग सूर्यात एखादा अनोळखी पदार्थ असावा, हा विचार पुढे आला. ग्रीक ‘हेलिओस’ (सूर्य) वरून केलेले ‘हीलियम’ हे नाव छापील स्वरूपात आले ते १८७१ मध्ये, विल्यम टॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या ब्रिटिश असोसिएशनपुढील भाषणात. नावाचा शेवट सोडियम-पोटॅशियमसारखा आहे, कारण तो धातू असावा असा समज होता. तो निघाला निष्क्रिय वायू.

अनेक रसायनज्ञांनी ही कल्पना मानली नाही, आणि त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही. एका रेषेवरून मूलद्रव्य ठरवणे धाडसाचेच होते. पुढे अशाच रेषांवरून ‘कोरोनियम’ आणि ‘नेब्युलियम’ ही मूलद्रव्ये सुचवली गेली, ती दोन्ही खोटी ठरली. द्मित्री मेंदेलेयेव यांनी १८६९ मध्ये मांडलेल्या आवर्त सारणीत हीलियमला जागा नव्हती. शेवटी २६ मार्च १८९५ रोजी विल्यम रॅम्झी यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. हीलियम पृथ्वीवर सापडला तो हा.

विजयदुर्ग आणि ३० वर्षांची गल्लत

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी इथूनच ग्रहण पाहून हीलियम शोधला, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. तो दिवस तिथे हीलियम दिन म्हणूनही साजरा होतो.

गोष्टीतला साहेब खरा आहे, साल चुकले आहे. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गला ते आले १८९८ मध्ये, २२ जानेवारीच्या खग्रास ग्रहणासाठी. तोपर्यंत ते ‘सर’ झाले होते आणि रॅम्झींचा शोध लागून तीन वर्षे उलटली होती. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना तालीम देऊन त्यांनी वेधाच्या कामाला लावले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, पण जानेवारीचे आभाळ निरभ्र होते. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या सायन्स कॉलेजातील वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून घेतले. १८६८ चा सावलीचा पट्टाही विजयदुर्गावरून गेला होता, त्यामुळे दोन्ही ग्रहणे लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली असावीत. कट्ट्यांचे मोल त्याने कमी होत नाही. ते १८९८ च्या मोहिमेच्या खुणा म्हणून जपण्याजोगे आहेतच.

त्याच वर्षातले आणखी काही

वर्णपटाच्या अभ्यासात हे वर्ष इतर अंगांनीही मोठे होते. स्वीडनच्या अँडर्स आंगस्ट्रॉम यांनी सौर वर्णपटाचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात हजारावर रेषांच्या तरंगलांब्या मीटरच्या एक अब्जांशाच्या दशांशात दिल्या होत्या. ते एकक पुढे त्यांच्याच नावाने रूढ झाले. लंडनमध्ये विल्यम हगिन्स यांनी व्याध ताऱ्याच्या वर्णपटातली हायड्रोजनची रेषा जराशी सरकलेली पाहून तारा आपल्यापासून दूर जात असल्याचे जाहीर केले. रीत अचूक, उत्तर चूक : व्याध खरे तर सेकंदाला सुमारे साडेपाच किलोमीटर वेगाने जवळ येत आहे. ताऱ्यांची गती मोजण्याचे आजचे सगळे काम मात्र त्या चुकलेल्या मोजणीच्या वाटेनेच चालते.

बर्लिनमध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान यांनी डांबरातून मिळणाऱ्या अँथ्रासीनपासून अ‍ॅलिझरीन हा तांबडा रंग बनवला. वनस्पतीतला रंग कृत्रिम रीतीने तयार होण्याची ही पहिली वेळ. स्वस्त पडेल अशी कृती वर्षभरात निघाली आणि तिच्या पेटंटासाठी जर्मन कारखान्याचा अर्ज २५ जून १८६९ ला, इंग्रज रसायनज्ञ विल्यम पर्किन यांचा २६ जूनला दाखल झाला. दक्षिण फ्रान्समधली मॅडरची, म्हणजे ज्या वनस्पतीच्या मुळांतून हा रंग काढत तिची, शेती त्यानंतर काही वर्षांत बसली. आपल्याकडे खारव्याचे तांबडे कापड रंगवायला लागणाऱ्या आल (बारतोंडी) या झाडाच्या मुळांनाही हाच विलायती रंग नडला.

मार्च महिन्यात फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात लेझेझी गावाजवळ रेल्वेच्या कामासाठी खोदताना मजुरांना क्रो-मॅग्नन नावाच्या कड्याखाली हाडे लागली. लुई लार्ते यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. सांगाडे सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या, आपल्यासारख्याच माणसांचे होते आणि सोबत भोके पाडलेले शिंपले होते, बहुधा माळेतले.

यंत्रांपैकी दोन उल्लेखनीय. २३ जून रोजी क्रिस्टोफर शोल्स, कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युएल सूल यांना टंकलेखन यंत्राचे पेटंट मिळाले. त्याच्या कळा पियानोसारख्या होत्या, आजची अक्षररचना नंतरची. डिसेंबरात लंडनच्या पार्लमेंटजवळ रेल्वे अभियंता जॉन पीक नाइट यांच्या कल्पनेचा वाहतूक खांब उभा राहिला. दिवसा त्याचे हात वरखाली होत, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागत, आणि ते सगळे एक पोलीस शिपाई हाताने चालवी. २ जानेवारी १८६९ ला गॅस गळून त्याचा स्फोट झाला, शिपाई जखमी झाला आणि ती योजना तिथेच गुंडाळली गेली.

आनुवंशिकतेच्या बाबतीत हे वर्ष गमतीचे आहे. चार्ल्स डार्विन यांनी जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या ग्रंथात शरीराचा प्रत्येक भाग सूक्ष्म कण सोडतो आणि ते पुढच्या पिढीत उतरतात, अशी उपपत्ती मांडली. ती चुकीची ठरली. ज्यांच्याकडे खरे उत्तर होते त्या ग्रेगोर मेंडेल यांची त्याच वर्षी ब्रनो येथील मठाचे मठाधिपती म्हणून निवड झाली आणि मटारांचे प्रयोग मागे पडले. १८६८ च्या शरद ऋतूत तरुण स्विस डॉक्टर फ्रीडरिख मीशर ट्यूबिंगेनला आले. किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या प्रयोगशाळेत, जवळच्या रुग्णालयातून मागवलेल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन ते पेशी गोळा करू लागले. त्या पेशींच्या केंद्रकांतून फॉस्फरसयुक्त, कोणत्याही प्रथिनात न बसणारा पदार्थ निघाला. त्याला त्यांनी ‘न्यूक्लिन’ म्हटले. आपण त्याला डीएनए म्हणतो.