५० वॅटच्या अ‍ॅम्पला ५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही

व्हॉल्व्हवर (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर) चालणारा गिटार अ‍ॅम्प घरी बांधणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: अ‍ॅम्प जितक्या वॅटचा, तितक्याच व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) पॉवर ट्रान्सफॉर्मर. हा हिशेब साफ चुकीचा आहे.

५० वॅटच्या अ‍ॅम्पसाठी दोन ईएल-३४ (स्पीकर चालवणारे पॉवर व्हॉल्व्ह) आणि तीन १२एएक्स७ (आधीच्या टप्प्यांचे छोटे व्हॉल्व्ह) घ्या. प्रत्येक ईएल-३४ च्या हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर लागतात, १२एएक्स७ ला ०.३. एकूण ३.९ अँपिअर, म्हणजे जवळजवळ २५ वॅट. स्पीकरमधून अजून एक सूरही निघालेला नाही आणि अर्धे व्हीए संपले!

आता एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा उच्च डीसी व्होल्टेज. पूर्ण जोरात वाजवताना ४३० व्होल्टला साधारण २२० मिलीअँपिअर डीसी धरा; ते झाले ९५ वॅट. पण खरी गफलत पुढेच होते. ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतर) लगेच कपॅसिटर असला की तो सलग करंट घेत नाही, प्रत्येक लाटेच्या शिखरावर झटक्याने ओढतो. ट्रान्सफॉर्मरची तार तापते ती या झटक्यांच्या आरएमएस करंटने (उष्णतेच्या हिशेबाने मोजलेल्या करंटने), आणि तो डीसीच्या सुमारे १.७ पट भरतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या ३२० व्होल्टच्या वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) ३७५ मिलीअँपिअर हवेत, म्हणजेच १२० व्हीए.

हीटर धरून बेरीज १४५ व्हीए. सेंटर-टॅप (मधोमध जोड काढलेल्या) वाइंडिंगचा गुणक वेगळा असतो, तो स्वतंत्र काढावा. वाइंडिंगवाल्याला माप देताना मात्र आकडा डीसीचा की आरएमएसचा, हे स्पष्ट लिहून द्या.